तुमचे प्रश्न: लांबून ताप मोजणारा कॅमेरा

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की थर्मल कॅमेरा, ताप मोजायची गन, मोबाइलवरची ॲप या विषयावर कोणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि एवढे प्रश्न आले की सगळे इथे मावणार नाहीत, म्हणून सारखे सारखे होते ते एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. बायोमेडिकल इंजिनिअर आहे, हॉस्पिटलमधली मशीनं लावणं, तपासणं, दुरुस्त करणं यात वीस वर्षं गेली, त्यामुळे औषधाचं काही विचारू नका पण मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते नक्की सांगू शकतो.

प्रश्न: सर, आमच्या शाळेत ६०० मुलं आहेत. संस्थेने गेटवर थर्मल कॅमेरा बसवायचं जवळपास ठरवलंय. विकणारे सांगतात की एकाच वेळी तीस मुलं चालत आली तरी सगळ्यांचा ताप मोजतो, आत एआय आहे, चूक फक्त ०.३ डिग्री. घ्यावा का? (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

उत्तर: बाई, माझं मत आधीच सांगतो, घेऊ नका. आता का ते सविस्तर सांगतो, म्हणजे संस्थेच्या मीटिंगमध्ये तुम्हाला बोलता येईल.

आपल्या अंगातून सतत उष्णता बाहेर पडत असते, ती इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात, आणि अंगाच्या तापमानाला तिचा सगळ्यात जास्त जोर साडेनऊ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास असतो. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटरचा पट्टा बघतो. ही किरणं कातडीच्या अगदी वरून निघतात, म्हणजे तो बघतो फक्त कातडीचा वरचा थर, आणि ताप असतो आत, रक्तात. कातडी ३३-३४ डिग्री सेल्सियस असते, आतलं शरीर ३७ च्या आसपास, आणि हा मधला फरक कायम सारखा नसतो. मुलगा उन्हातून सायकल मारत आला की कपाळ तापलेलं, घाम सुटला की तेच कपाळ गार, पावसात भिजून आला की आणखी गार. आत ताप तेवढाच.

म्हणून ज्यांनी याचे नियम केलेत त्यांनी कपाळ सोडून दिलं आणि डोळ्याचा आतला कोपरा धरला, नाकाच्या बाजूचा, जिथे सकाळी चिपडं येतात ना ती जागा. तिथली कातडी पातळ असते आणि मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या फांद्या तिथे अगदी वर येतात, त्यामुळे आतल्या तापमानाच्या जवळ जाणारा आकडा चेहऱ्यावर कुठे मिळत असेल तर तिथेच. पण ही जागा आहे काही मिलिमीटरची. आता हिशोब करा. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात १६० बाय १२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात. गेटपासून तीन मीटरवर तो साधारण सव्वातीन मीटर रुंदी बघत असेल तर एकेक पिक्सेल दोन सेंटिमीटरचा झाला. म्हणजे त्या एका पिक्सेलमध्ये डोळ्याचा कोपरा, नाक आणि थोडा गाल असं सगळं एकत्र मिसळलं, आणि नाक तर चेहऱ्यावरची सगळ्यात गार जागा. एआय कितीही हुशार असू दे, जे कॅमेऱ्यातच आलं नाही ते तो कुठून काढणार.

दुसरी गोष्ट, ०.३ डिग्री. साध्या थर्मल कॅमेऱ्याची स्वतःची चूक दोन डिग्री सेल्सियसपर्यंत असू शकते, हे बहुतेकांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. दोन जागांमधला बारीक फरक तो छान दाखवतो पण खरा आकडा किती हे सांगताना घसरतो, कारण तो स्वतः पण तापतो, गार होतो. म्हणून नीट बसवलेल्या यंत्रणेत ब्लॅकबॉडी नावाची छोट्या तव्यासारखी काळी चकती समोर ठेवतात, तिचं तापमान इलेक्ट्रॉनिक्सने अगदी पक्कं धरलेलं असतं, आणि कॅमेरा दर वेळी तिच्याकडे बघून स्वतःला दुरुस्त करतो. विकणाऱ्याला विचारा ब्लॅकबॉडी आहे का, किंमतीत धरलीय का. बऱ्याचदा नसते.

आणि तीस मुलं एकदम? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या घाईत नियम ढिले केले होते, तरीही त्यांनी स्पष्ट सांगितलं की एका वेळी एकच माणूस, कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून, चष्मा मास्क टोपी काढून, खोलीचं तापमान २० ते २४, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत, वारा नको, मागे ऊन नको. बरेच लोक एकत्र मोजले तर रीडिंग बरोबर येतं हे सिद्ध झालेलं नाही असंही त्यांनी सांगितलंय. तुमच्या गेटवर यातलं काय जमणार आहे? आणि एकेक मूल पाच सेकंद उभं केलं तरी ६०० मुलांना ५० मिनिटं लागतात, प्रार्थना पण संपून जाईल.

शेवटचा हिशोब फक्त समजण्यासाठी मनाने धरलेला आहे. समजा एखाद्या दिवशी ६०० पैकी ६ मुलांना खरोखर ताप आहे, आणि मशीन चांगलं आहे, तापवाल्या १०० मधले ८० पकडतं आणि बऱ्या मुलांमध्ये शंभरातल्या फक्त पाचांना चुकून अडवतं. तर ६ पैकी ५ सापडतील, एक वर्गात जाऊन बसेल, आणि बऱ्या ५९४ पैकी ३० जण विनाकारण बाजूला उभे राहतील. रोज ३५ मुलं बाजूला, त्यातली ३० ठणठणीत. आठवडाभराने शिपाईमामा त्या लाल दिव्याकडे बघणं सोडून देतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

त्या पैशात चार चांगले डिजिटल थर्मामीटर, एक कॉट असलेली छोटी खोली आणि पालकांचे चालू फोन नंबर लिहिलेलं रजिस्टर करा. पहिल्या तासाला हजेरी घेताना मलूल बसलेलं मूल वर्गशिक्षिकेला लगेच कळतं, त्याला खोलीत न्या, दहा मिनिटं बसवा, मग जिभेखाली किंवा काखेत मोजा.

प्रश्न: आमच्या सासूबाईंना वाटतं त्या गनमधून किरणं निघून थेट मेंदूत जातात, त्या बाळाच्या कपाळाला गन लावूच देत नाहीत. बाळ दोन महिन्यांचं आहे. खरं काय? (एक आई, जळगाव)

उत्तर: गनमधून अंगात काहीच जात नाही ताई, ती फक्त घेते. बाळाच्या कपाळातून जी उष्णता आपोआप बाहेर पडते ती गनमधल्या सेन्सरवर पडते आणि तो आकडा सांगतो, चुलीजवळ हात नेला की धग कळते ना तसंच, हाताने चुलीला काही होत नाही. २०२० मध्ये ही अफवा व्हॉट्सॲपवर खूप फिरली होती त्यामुळे सासूबाईंना भीती वाटणं साहजिक आहे, त्यांना रागावू नका, गन हातात देऊन आधी भिंतीवर, मग स्वतःच्या तळहातावर मोजायला लावा. एवढंच बघा की तुमची गन कारखान्यातली नाही ना, त्यात नेम धरायला लाल लेझर असतो, तो डोळ्यात जायला नको.

पण सासूबाईंचा निर्णय एका दृष्टीने बरोबरच आहे. दोन महिन्यांच्या बाळाचा ताप गनच्या भरवशावर ठरवू नका. साधा डिजिटल थर्मामीटर काखेत, हात अंगाशी धरून, बीप वाजेपर्यंत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर घरी वाट बघायची नाही, रात्र असली तरी डॉक्टरकडे जायचं. बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल किंवा अंग गार पडलं असेल तर ताप नसला तरी जायचं.

प्रश्न: मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा स्कॅन करून ताप सांगणारं ॲप मी घेतलं. माझा दर वेळी ९८.४ ते ९८.८ दाखवतं. बरोबर वाटतंय, पण घरच्यांना पटत नाही. (ठाणे)

उत्तर: घरच्यांचं ऐका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली चिप सिलिकॉनची असते आणि सिलिकॉनला साधारण १.१ मायक्रोमीटरच्या पुढचं काहीच दिसत नाही. अंगाची उष्णता साडेनऊच्या आसपास. त्यात पुढची काच, ती तर या किरणांना भिंतीसारखी अडवते, म्हणूनच थर्मल कॅमेऱ्याची लेन्स जर्मेनियमची करतात, बाहेरून बघितली तर आरशासारखी काळपट चमकते, आरपार काही दिसत नाही. मग तुमचं ॲप ९८.६ च्या आसपासचा आकडा कुठून आणतंय? मनाने. बऱ्या माणसाला तो आकडा बरोबरच वाटणार. १०२ ताप असताना पण तेच दाखवेल आणि धोका तिथे आहे.

साध्या कॅमेऱ्याला चेहऱ्यावरून नाडी मात्र मोजता येते, हे खरं आहे आणि मला फार आवडतं. प्रत्येक ठोक्याला कातडीत रक्त येतं जातं, त्याने चेहऱ्याचा रंग अगदी किंचित बदलतो, आपल्या डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्यातल्या हिरव्या रंगात सापडतो. २००८ साली घरातल्या साध्या उजेडात, साध्या कॅमेऱ्याने हे करून दाखवलं गेलं. ताप एक डिग्री सेल्सियस चढला की नाडी साधारण दहाने वाढते, त्यामुळे नाडी, श्वास आणि थर्मल चित्र तिन्ही एकत्र करून मशीन लर्निंगने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने, तापाचा अंदाज करायचे प्रयत्न चालू आहेत. पण नाडी जिना चढल्यावर पण वाढते आणि परीक्षेच्या भीतीने पण, त्यामुळे नुसत्या नाडीवरून ताप नाही सांगता येत.

मोबाइलने ताप मोजायचाच असेल तर मोबाइलमध्ये वेगळा इन्फ्रारेड सेन्सर लागतो. गूगलच्या पिक्सेल ८ प्रो मध्ये तसा आहे, मागच्या बाजूला, आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला ताप मोजण्यासाठी एफडीएची मान्यता मिळाली. तो कॅमेरा नाही, कपाळाजवळ धरून कानशिलापर्यंत फिरवायचा. तुमचं ॲप काढून टाका.

प्रश्न: सर मी शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आमचा ग्रुप प्रोजेक्ट थर्मल कॅमेरा आणि डीप लर्निंगने ताप ओळखणे असा आहे. मॉडेलची सरासरी चूक फक्त ०.२५ डिग्री येतेय, गाइड खूश आहेत. रिपोर्टमध्ये अजून काय टाकू? (इस्लामपूर)

उत्तर: अरे, आधी एक प्रयोग कर. मॉडेल, म्हणजे चित्रांवरून शिकलेला तुमचा प्रोग्रॅम, बाजूला ठेव आणि प्रत्येक चित्राला डोळे मिटून ३७ हेच उत्तर दे, मग सरासरी चूक काढ. ती पण ०.३ च्या आसपास आली तर समज की तुमच्या मॉडेलने अजून विशेष काही शिकलेलं नाही. तुमच्या डेटामध्ये ताप असलेले किती होते? कॉलेजमधली पोरं, सगळी बरी, सगळ्यांचं तापमान ३६.५ ते ३७.२ मध्ये. अशा डेटावर मधला आकडा सांगणारं मॉडेल नेहमीच पास होतं, आणि ज्या दिवशी खरा तापाचा माणूस समोर येईल त्या दिवशी त्याला पण बरा ठरवेल. म्हणून रिपोर्टमध्ये तापवाल्यांपैकी किती पकडले आणि बऱ्यांपैकी किती चुकून अडवले हे दोन आकडे वेगळे दे, सरासरी चुकीच्या मागे ते लपवू नको.

खरं तापमान म्हणून काय धरलंत? मला अंदाज आहे, कपाळाची गन. मी चार-पाच कॉलेजांचे प्रोजेक्ट बघितले, सगळीकडे तेच. एका कातडी बघणाऱ्या यंत्राला दुसऱ्या कातडी बघणाऱ्या यंत्राची नक्कल शिकवली तर आतला ताप कुठे आला त्यात. जिभेखाली डिजिटल थर्मामीटर ठेवून घेतलेलं माप धर, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही पाणी नाही.

तिसरं, डेटा वाटताना काय केलंत? एकाच मुलाचे ५० फ्रेम घेतले आणि सगळे फ्रेम पिसून ८०-२० केलं असेल, म्हणजे ८० टक्के शिकवायला (ट्रेनिंग) आणि २० टक्के तपासायला (टेस्ट), तर तोच मुलगा ट्रेनिंगमध्ये पण आहे आणि टेस्टमध्ये पण, मॉडेल ताप ओळखत नाही, चेहरा ओळखतंय. माणसांप्रमाणे वाटा, एक माणूस एकाच बाजूला.

डेटा कमी पडत असेल तर अमेरिकेतल्या १,०२० जणांचा एक खुला डेटासेट आहे, त्यात चेहऱ्यावरच्या निरनिराळ्या जागांची थर्मल मापं, जिभेखालचं तापमान, खोलीचं तापमान, आर्द्रता, अंतर असं सगळं आहे, युसीआय या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या मशीन लर्निंग संग्रहात मिळेल. त्यातले लोक बहुतेक तरुण आहेत आणि एसीतल्या हवेत मोजलेले आहेत हे लक्षात ठेव, त्यावर शिकलेलं मॉडेल मे महिन्यातल्या इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर तसंच चालेल असं धरू नको.

आणि कॅमेऱ्याची ओळख करून घे रे, कोडच्या आधी. चालू केल्यावर वीस मिनिटं गरम होऊ दे. मधेच टिक् असा बारीक आवाज येतो, तो बिघाड नसतो, आतलं झाकण सेन्सरपुढे येऊन कॅमेरा सगळे पिक्सेल सारखे करून घेतो, त्या क्षणाचे फ्रेम टाकून द्या. साधा कॅमेरा आणि थर्मल कॅमेरा शेजारी शेजारी असतात म्हणून दोघांची चित्रं तंतोतंत जुळत नाहीत, जवळ आल्यावर फरक वाढतो, आणि साध्या कॅमेऱ्यात सापडलेला डोळ्याचा कोपरा थर्मल चित्रात भुवईवर जाऊन बसतो. एक गंमत पण करून बघा, स्टीलच्या चकचकीत पेल्यात उकळता चहा ओता आणि कॅमेऱ्यात बघा, पेला जवळजवळ गार दिसेल. त्याच पेल्यावर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, तेवढा चौकोन एकदम पेटल्यासारखा दिसेल. स्टील स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, समोरची परावर्तित करतं. माणसाची कातडी चांगलं टाकते, ९८ टक्के, आणि ती गोरी असो काळी असो या पट्ट्यात जवळपास सारखीच. व्हायव्हाला हा पेला घेऊन जा, परीक्षकांना नक्की आवडेल.

प्रश्न: मी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. डिसेंबरात सकाळच्या पाळीला गनवर सगळ्यांचं ९३-९४ येतं नाहीतर नुसतं लो दाखवतं, आणि उन्हाळ्यात दुपारी निम्मे लोक १०० च्या वर. साहेब मलाच बोलतात की तुला मोजता येत नाही. (नागपूर)

उत्तर: दादा, तुमचं काही चुकत नाहीये, साहेबांना हे उत्तर दाखवा. बहुतेक गन १० ते ४० डिग्री सेल्सियस हवेसाठी बनवलेल्या असतात, काही तर १५ ते ३५ साठीच. नागपूरची डिसेंबरची थंड पहाट बऱ्याचदा त्याच्या काठावर किंवा बाहेर, आणि मेची दुपार तर बाहेरच. त्यात माणूस गाडीवरून वारं खात आलेला, कपाळ गार पडलेलं. एरवी गन केबिनमध्ये ठेवा, खिशात किंवा उन्हात टेबलावर नको, पण ज्या जागी मोजायचं तिथेच ती अर्धा तास आधी असू दे. लोकांना सावलीत दहा मिनिटं थांबवून, घाम पुसून, गंध, टिळा, केस, टोपीची कड सोडून मोजा. गनवर बॉडी आणि सरफेस अशी दोन मोड असतात, चुकून सरफेसवर गेली असेल तर पण ९३ दाखवते, कारण ते खरंच कातडीचं तापमान असतं, बॉडी मोड त्यात आतला फरक मिळवून सांगतं. ते बटण आधी बघा. आणि रोज पाळी सुरू करताना स्वतःचं एकदा थर्मामीटरने आणि एकदा गनने मोजून वहीत लिहा, साहेब विचारतील तेव्हा वही पुढे करा.

आता त्याच्या उलटं एक सांगतो. २०२० मध्ये सगळीकडे ही यंत्रं आली, जूनमध्ये पुणे स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाने कॅप्टन अर्जुन नावाचा रोबो पण प्रवाशांचा ताप बघायला उभा केला होता. त्याच वर्षी मला एका कंपनीत गेटवरचं चेहरा बघून ताप सांगणारं मशीन तपासायला बोलावलं. सगळ्यांचं रीडिंग ९७.५ ते ९८.२, मॅनेजर खूश, म्हणे किती अचूक आहे. मला शंका आली. मी गरम पाण्यात रुमाल बुडवून पिळला, दोन मिनिटं कपाळावर आणि डोळ्यांवर दाबून धरला, कातडी लाल झाली, कोरडी केली आणि तसाच मशीनसमोर गेलो. ९७.९, हिरवा दिवा, दार उघडलं. तिसऱ्यांदा केलं तरी तेच. आतल्या सॉफ्टवेअरमध्ये रीडिंग नॉर्मलच्या जवळ ओढायची सोय होती, म्हणजे उन्हा-थंडीमुळे उगाच लोक अडू नयेत म्हणून ते आकडे मधे आणत होतं, आणि त्यात खरा ताप पण गिळून टाकत होतं. त्या गेटमधून रोज चारशे माणसं आत जात होती, घरी म्हातारे आईवडील असलेली. मी रिपोर्ट दिला पण मशीन पुढे सहा महिने तसंच चालू होतं, ते मला अजून लागून राहिलंय. त्यामुळे दादा, ९३ आणि १०० दाखवणारी तुमची गन बरी, निदान ती जे दिसतंय ते सांगते.

प्रश्न: आमच्या गोठ्यात १४ गाई आहेत. लंपीच्या वेळी फार नुकसान झालं. गाईचा ताप कॅमेऱ्याने लांबून कळतो का? (संगमनेर)

उत्तर: थोडाफार. गाईचं नॉर्मलच जास्त असतं, साधारण १०१.५ फॅरनहाइट, आणि तिच्या अंगावर केस, शेण, चिखल असल्यामुळे पाठीवरून काही कळत नाही, तिथेही डोळाच बघतात. थर्मल कॅमेऱ्याचा गोठ्यात खरा उपयोग कासेसाठी होतो, दगडी, म्हणजे कासेची सूज, सुरू होताना कासेचा एक भाग बाकीच्यांपेक्षा गरम दिसू शकतो, पण तेव्हा पण कास धुवून कोरडी केलेली, गाय सावलीत अर्धा तास उभी असलेली, आणि चारही सडांची एकमेकांशी तुलना करायची, नुसत्या आकड्यावर जायचं नाही. मोठ्या फार्मवर दूध काढायच्या जागी कॅमेरा कायमचा बसवून, रोजची चित्रं साठवून, प्रत्येक गाईचं तिच्याच मागच्या दिवसांशी ताडून बघणारी यंत्रणा करता येते, आणि मला हे माणसांच्या गेटपेक्षा जास्त पटतं, कारण गाय तीच, जागा तीच, वेळ तीच.

चौदा गाईंसाठी मात्र तेवढा खर्च करू नका. लंपीत अंगावर गाठी दिसायच्या आधी ताप चढतो, त्यामुळे आजूबाजूला साथ असेल तर रोज सकाळी प्रत्येक गाईचा ताप गुदद्वारातून थर्मामीटरने घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर गाईच्या नावापुढे खडूने लिहा, १०३ च्या वर गेली की वेगळी बांधा आणि पशुवैद्यकांना फोन करा. थर्मामीटरच्या मागच्या टोकाला दोरी बांधून दुसऱ्या टोकाला चिमटा लावा आणि तो शेपटीच्या केसांना अडकवा, म्हणजे गाय हलली तरी थर्मामीटर शेणात पडून फुटत नाही.